खोगिराचा तंग आणि मोटारीचा पट्टा

देवगडच्या श्रोत्यांपुढे इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे विषय किल्ल्याचा असावा, आंगऱ्यांच्या आरमाराचा असावा, गेला बाजार विजयदुर्गच्या गोदीचा तरी असावा, अशी अपेक्षा असते. आणि ती रास्तही आहे. त्या मानाने आम्ही आज घेतलेला विषय अगदीच किरकोळ वाटेल. मोटारीत बसावयाची जागा, ती पुढेमागे सरकविण्याचा खटका आणि छातीवरून घ्यावयाचा पट्टा, एवढाच काय तो आमचा विषय. ह्या वस्तूंना इतिहास तो कसला, असे कोणी मनात म्हणाल्यास आम्ही रागावणार नाही. चार वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही तेच म्हणत होतो. आमचे मत कशामुळे पालटले ते पुढे ओघाने येईलच.

ही व्याख्यानमाला भरते ती नेमकी आंब्याच्या हंगामात. येथे येणाऱ्या प्रत्येकाने वाटेत कोठे ना कोठे पेट्या भरताना पाहिल्या असतील. आधी तळाशी भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, मध्ये पुन्हा पेंढा, आणि वरचे झाकण असे दाबून बसवावयाचे की पेटी हलविली तर आतून आवाज येता कामा नये. आता लाकडी खोक्याच्या जागी पुठ्ठ्याची पेटी आली, तरी ही रीत सुटलेली नाही. आमच्या शेजारच्या बागेत पेट्या भरणाऱ्या एका वृद्ध गड्याला आम्ही एकदा विचारले, “अरे, इतका पेंढा कशाला?” तो मान वर न करता म्हणाला, “गाडी थांबता, पण आंबो थांबना नाय.” न्यूटनने आपला ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध केला आणि त्यात गतीचा पहिला नियम लॅटिनमध्ये सांगितला. आमच्या गड्याने तो मालवणीत सहा शब्दांत सांगितला, आणि आमच्या मते अधिक नीट सांगितला.

आता मौज अशी, की हीच पेटी टेम्पोत चढवून झाल्यावर तोच टेम्पो चालविणारा मनुष्य पट्टा न लावता नांदगाव तिठ्याकडे निघतो आणि वाशीच्या बाजारापर्यंत चारशे किलोमीटरांहून अधिक वाट रात्रीतून तोडतो. फळाला पेंढा, पण माणूस मोकळा! ही विसंगती आली कोठून, हे पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

मनुष्य वाहनावर बसू लागला तेव्हापासून पुष्कळ काळ ही विसंगती नव्हती. घोड्याचेच पाहा. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत, हे आपण जाणताच. शिलेदार आपला घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. दोघांनाही खोगीर चढविल्यावर तंग आवळून पाहावा लागे, कारण तंग ढिला राहिला तर पहिल्याच उडीला खोगीर फिरावयाचे आणि स्वार घोड्याच्या पोटाखाली जावयाचा. रिकिबीचेही तसेच. ती लांब झाली तर पाय लोंबतो, आखूड झाली तर गुडघा वर येतो आणि मांड सुटते. शिलेदाराच्या रिकिबी त्याच्याच मापाच्या असणार; बारगिराला मात्र मिळेल त्या घोड्यावर बसावयाचे म्हणून दर खेपेस आपल्या पायाचे माप नव्याने लावून घ्यावे लागत असणार. घरात एक मोटार आणि ती चालविणारे बाप, लेक व सून अशी तिघे असली, म्हणजे ती तिघेही बारगीरच होत. बापाने लावलेल्या बैठकीवर सून तशीच बसते आणि तिचा पाय क्लचपर्यंत जेमतेम पोहोचतो, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे. तंग तपासल्यावाचून घोड्यावर न बसणाऱ्यांची आपण पतवंडे, हे सांगूनही कोणाला खरे वाटणार नाही.

समुद्रावरची माणसे तर ह्या बाबतीत अधिकच काटेकोर. गलबतात चढविलेला माल दोरखंडांनी जखडल्यावाचून नांगर उचलावयाचा नाही, हे कोणा तांडेलाला सांगावे लागत नसे. बैलगाडीला मात्र कसलाच पट्टा नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. बैलाच्या चालीने माणूस पडला तर ढोपर फुटे, त्याहून अधिक काही होत नसे. आमच्या समजुतीप्रमाणे घोटाळा येथेच झाला. मोटार आली तेव्हा आपण तिला वेगवान घोडा मानले नाही, बिनबैलाची गाडी मानली. गादीवर बसावे, गप्पा माराव्यात, डुलकी काढावी, मुलाला मांडीवर घ्यावे, ही सगळी गाडीतली रीत आपण मोटारीत नेली. वेग तेवढा दसपट झाला.

मोटारीच्या बैठकीची घडणही ह्या समजुतीला धरूनच होती. वालचंद हिराचंद ह्या मूळच्या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ज्या फियाट गाड्या बाहेर पडल्या आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या नावाने मुंबईच्या टॅक्सीतळांवर दिसू लागल्या, त्यांची पुढची बैठक बाकासारखी सलग असे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, त्यामुळे मध्ये अडथळा नाही. पुढे तिघे ठरलेले, अडचण असली तर चौथाही. पाठीला टेकू खांद्यापर्यंतच, मान मोकळी. चाकरमानी मंडळींपैकी किती जणांनी मुंबईचा पहिला प्रवास ह्या बाकावर वडिलांच्या आणि सामानाच्या मध्ये बसून केला असेल, ते येथे हात वर करावयास सांगितले तर कळेल. त्या टॅक्सीबद्दल आम्हालाही माया आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून निघाली तेव्हा वाईट वाटले. पण त्या बाकाने आपल्या सवयी बिघडविल्या, हे मान्य केले पाहिजे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, सुटी व सरकती पुढची बैठक घरोघर पोहोचली. सवय मात्र बाकाचीच राहिली. बैठक सरकते ती मागच्या माणसाचे पाय मोकळे व्हावेत म्हणून, असेच पुष्कळ जण समजतात.

इकडे हे चालले असता पट्ट्याचा जन्म झाला तो रस्त्यावर नव्हे, आकाशात. विमान उलटेसुलटे होते, म्हणून वैमानिकास बांधून बसविणे भाग होते. मोटारीत पट्टा घालून पाहण्याचा प्रयत्न अमेरिकेत नॅश ह्या कंपनीने १९४९ साली केला. परंतु तो केवळ कमरेचा पट्टा होता आणि गिऱ्हाइकांना तो रुचला नाही. मोटारीत बांधून घ्यावे लागते म्हणजे ती मोटार धोक्याची असली पाहिजे, असा त्यांचा तर्क. तर्क चुकीचा नव्हता. फक्त तो सर्वच मोटारींना लागू होता.

माणसाचे शरीर एकाएकी थांबविले तर किती सोसते, हे तोवर कोणास नक्की ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठी अमेरिकी हवाई दलातील जॉन पॉल स्टॅप ह्या डॉक्टराने स्वतःस अग्निबाणाच्या घसरगाडीला बांधून घेतले. १० डिसेंबर १९५४ रोजी ती गाडी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ताशी १,००० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावली आणि सुमारे दीड सेकंदात थांबली. त्या क्षणी त्याच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या ४६ पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण मनुष्य जगला आणि पुढे पुष्कळ वर्षे जगला. माणूस बहुधा थांबण्याने मरत नाही, कशावर तरी आपटून थांबण्याने मरतो, ह्या मताला अशा प्रयोगांनी बळ मिळाले. नीट बांधलेले असले तर शरीर आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक सोसते.

राहिला प्रश्न बांधावयाचे कसे, एवढाच. तो सोडविला स्वीडनच्या नील्स बोलीन ह्या अभियंत्याने. हा गृहस्थ आधी साब ह्या विमान कंपनीत, संकटसमयी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करीत होता. १९५८ साली तो व्होल्वो मोटार कंपनीत आला. वैमानिकाचे चार-चार पट्टे साधा माणूस रोज लावणार नाही, हे त्याने ओळखले. कमरेचा एकटा पट्टा पुरा पडत नाही, कारण त्याची बक्कल पोटावर येते आणि धक्क्याने आतली इंद्रिये चिरडतात, हेही त्याला दिसत होते. त्याने एकच पट्टा घेतला. एक टोक खांद्याच्या वर, दुसरे टोक बैठकीच्या बाहेरच्या अंगास खाली, आणि मध्ये आतल्या अंगास मांडीच्या बाजूला एक खटका. पट्टा एकच, पण अर्धा छातीवरून जातो, अर्धा कमरेवरून. दोन्ही भाग खाली मांडीच्या बगलेस एकत्र येतात, म्हणून तो वर सरकत नाही. आणि मुख्य म्हणजे एका हाताने लागतो. १३ ऑगस्ट १९५९ रोजी असा पट्टा बसविलेली पहिली मोटार स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड गावच्या विक्रेत्याकडे पोहोचली. कंपनीने एकस्व घेतले, पण इतर कोणालाही ही रचना विनामूल्य वापरू दिली. धंद्याच्या जगात अशी उदाहरणे थोडी, म्हणून मुद्दाम सांगितले. आज देवगडच्या कोणत्याही गाडीत जो पट्टा लोंबत असतो तो बोलीनचाच. फरक इतकाच की तेव्हाचा पट्टा प्रत्येकाला हाताने ओढून आपल्या मापाचा करावा लागे, आणि आता तो आपोआप गुंडाळला जातो व झटका बसताच अडकतो.

पट्टा नेमके करतो काय, हे कळल्यावाचून तो मनापासून लावला जाणार नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो. ताशी ५० किलोमीटर हा काही मोठा वेग नव्हे; शिरगावच्या सरळ रस्त्याला आपण सहज त्याच्या पुढे जातो. परंतु ह्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ३२ फुटांवरून जमिनीवर पडणे होय. म्हणजे बऱ्यापैकी उंच माडाच्या अर्ध्यावरून. माडावरून पडण्याची भीती आपल्याकडे कोणाला समजावून द्यावी लागत नाही. मोटारीत मात्र तीच उंची आपण बसल्या जागी गाठतो आणि आपल्याला भोवळ येत नाही. आता गाडीचे नाक आदळून चेपते. समजा ते पाऊण मीटर चेपले. ज्याने पट्टा लावला आहे तो गाडीला बांधलेला असल्यामुळे त्याला थांबावयास जवळजवळ तेवढे अंतर मिळते आणि त्याच्यावर साधारण वजनाच्या १३ पट भार येतो. स्टॅपने ४६ पट सोसला होता, हे लक्षात घ्या. ज्याने पट्टा लावला नाही तो, गाडी थांबत असता, मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि चार बोटांच्या अंतरात काचेवर किंवा स्टिअरिंगवर थांबतो. आमचा गडी म्हणाला तेच: गाडी थांबते, आंबा थांबत नाही. पट्टा म्हणजे पेंढा.

मग कायद्याकडे वळू. पट्टा गाडीत असणे आणि तो अंगावर असणे, ह्या दोन गोष्टींत बरेच अंतर असते. पट्टा लावण्याची सक्ती जगात प्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० च्या डिसेंबरात केली. आपल्याकडे २५ मार्च १९९४ नंतर बनलेल्या मोटारींत पुढच्या बैठकीस पट्टे आवश्यक ठरले, २००२ साली मागच्या बैठकीसही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ व्या नियमाने चालक, त्याच्या शेजारी बसलेला आणि मागच्या समोर तोंड असलेल्या बैठकीवर बसलेले, ह्या सर्वांवर पट्ट्याचे बंधन घातले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड सांगितला, आणि चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने अथवा मुलांच्या आसनात बांधलेले नसल्यास तेवढाच दंड चालकास सांगितला. म्हणजे मागच्या बैठकीचा नियम काही काल-परवाचा नव्हे. तो होता, आपल्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

हा पत्ता का नव्हता, ह्याचे कारण आमच्या मते कायद्यात नसून मानपानात आहे. मागची बैठक ही मानाची बैठक. मालक मागे बसतो, पुढारी मागे बसतो, पाहुण्यांना आपण “मागे निवांत बसा” म्हणतो. पुढची जागा धोक्याची, मागची सुरक्षित, हा समज इतका पक्का की मागे पट्टा लावणे म्हणजे चालकावर अविश्वास दाखविणे वाटते. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले असता त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. ते मागे बसले होते, पट्टा नव्हता. पट्टा असता तर जीव वाचू शकला असता, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन ह्यांनी, जे स्वतः डॉक्टर, सांगितले. महाराष्ट्र हळहळला, मागचे पट्टे जिथल्या तिथे राहिले. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ह्यांची मोटार आदळली. गाडी उंची, एअरबॅगांनी सज्ज. पुढे बसलेली दोघे पट्टा लावलेली, ती गंभीर जखमी झाली पण वाचली. मागे बसलेले दोघे पट्ट्यावाचून होते, दोघेही गेले. दोन महिन्यांत, १ नोव्हेंबर २०२२ पासून, मुंबई पोलिसांनी मागच्या बैठकीवरही पट्ट्याची अंमलबजावणी जाहीर केली. त्या वर्षाच्या केंद्र सरकारच्या अहवालात पट्टा न लावल्यामुळे मृत्यू पावलेल्यांची संख्या १६,७१५ दिली आहे. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१, म्हणजे जवळजवळ निम्मे निम्मे. चालकाची चूक म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवितो, तीत प्रवाशांचा वाटा अर्धा आहे.

मिस्त्रींची गोष्ट मोठ्यांची म्हणून छापून आली. आपल्या घरांत मागच्या बैठकीवर मालक बसत नाही. तेथे बायका आणि मुले बसतात. वडीलधारे पुरुष पुढे, चालकाच्या शेजारी. त्यांना पट्टा लावावा लागतो, कारण पोलिसाला ते दिसतात. सुनेला आणि नातवंडांना मागे. आणि मागच्या पट्ट्याच्या बकला कोठे असतात? हौसेने शिवून घेतलेल्या अभ्र्याखाली. नवी गाडी घरी आली की पहिले काम अभ्रे घालण्याचे, आणि त्या अभ्र्यांखाली तिन्ही बकला गाडल्या जातात. पट्टा न लावल्यास गाडी टुंटुं करते, म्हणून तिचे तोंड बंद करण्यासाठी नुसती बक्कल विकत घेऊन खोचणारेही आहेत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ह्या बकलांची ऑनलाईन विक्री थांबविण्याचा आदेश दिला. लोक पैसे देऊन आपला पेंढा काढून घेतात, हे आंबेवाल्या गावात सांगितले तर हसू येईल.

आम्हाला हसण्याचा अधिकार नाही. आमचा नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. कणकवलीहून परत येताना तो मागे आईजवळ रडू लागला, म्हणून आम्ही मोठ्या प्रेमाने त्याला पुढे आमच्या मांडीवर घेतले. तळेबाजाराच्या अलीकडे रस्त्यात गुरू आले. मुलाने ब्रेक लावला. वेग तिशीच्या आतच असेल. आम्ही पट्ट्यात होतो, जागच्या जागी राहिलो. नातू आमच्या दोन हातांतून एखाद्या ओल्या माशासारखा निसटला आणि समोर कपाळावर आपटला. तीन टाके पडले. कोणी आम्हाला बोल लावला नाही. घरच्या मंडळींनी गुरालाच दोष दिला, आणि तो आम्ही काही दिवस मान्यही केला. पुढे हिशेब मांडला तेव्हा झोप उडाली. आदळणे जर ५० च्या वेगाने झाले असते, तर दहा किलोचे मूल त्या क्षणी १३० किलोचे झाले असते, म्हणजे दोन मोठी माणसे. दोन माणसांना हवेत तोलून धरील असा आजोबा अजून जन्मावयाचा आहे. आमच्या समोर एअरबॅग होती. ती फुगली असती तर पापणी लवण्याच्या आत त्या मुलाच्या डोक्यावरच फुगली असती. मुलाला आपल्याबरोबर एकाच पट्ट्यात घेणे तर त्याहून वाईट, कारण मग आपलाच भार त्याच्यावर येतो.

तान्ह्या मुलासाठी सर्वांत योग्य आसन ते, ज्यात मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेस असते. ही कल्पना बर्टिल आल्डमन ह्या स्वीडिश डॉक्टराची. अमेरिकेचे जेमिनी अंतराळवीर पाठ पुढे करून निजल्यासारखे बसतात, हे पाहून त्याने १९६४ साली तसले पहिले आसन घडविले. नवजात मुलाचे डोके शरीराच्या लांबीच्या चौथा हिस्सा असते आणि मान काकडीसारखी कोवळी. धक्का सगळ्या पाठीवर पसरला तरच ती टिकते. हे आसन मागच्या बैठकीवरच बांधावे. पुढे एअरबॅग चालू असता ते कधीही ठेवू नये. मूल आसनाच्या मापाबाहेर गेले की समोर तोंडाचे आसन, आणि पुढे साधारण साडेचार फूट उंचीपर्यंत बूड उंच करणारे पाटासारखे आसन, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येतो. किंमत जड वाटते हे खरे. पण अभ्र्यांचीही किंमत आपण मोजतोच.

आता मोठ्यांच्या बैठकीची रीत. चालकाने प्रथम पाठ आणि बूड मागे पुरते टेकून बसावे आणि क्लच अथवा ब्रेक तळापर्यंत दाबून पाहावा. तो दाबलेला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर बैठक पुढे घ्यावी. मग पाठीचा टेकू असा उभा करावा की खांदे टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडावे. छाती आणि स्टिअरिंग ह्यांत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर दोन-तीन बोटे, अंतर असावे, नाही तर एअरबॅग उशी होण्याऐवजी ठोसा होते. ठेंगण्या माणसाला हे अंतर राखणे कठीण जाते. त्याने बैठक मागे नेण्याऐवजी टेकू थोडा कलता करावा आणि बैठक उंच होत असेल तर उंच करावी. आरसे सर्वांत शेवटी. पुष्कळ जण आरसे आधी लावतात आणि मग बैठक हलवितात. मग दिसते ते आपलेच कान.

मानेमागची उशी, जिला हेडरेस्ट म्हणतात, ती झोपण्यासाठी नाही. मागून धडक बसली की धड पुढे फेकले जाते आणि डोके जागेवरच राहते. मान त्या दोघांत ताणली जाते. अमेरिकेने १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींत ही उशी सक्तीची केली. तिची वरची कड डोक्याच्या माथ्यापर्यंत आणि डोक्यापासून चार बोटांच्या आत असावी. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ती कारखान्यातून आली तशी तळाशी बसलेली असते, आणि उंच माणसाच्या मानेलाच टेकते. तेथे ती आधार न होता टेकण होते, आणि मान तिच्यावरूनच मागे मोडते.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नव्हे, ओटीपोटाखाली, कमरेच्या दोन्ही हाडांवर घट्ट बसला पाहिजे. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीच्या मधून जावा. गळ्याला घासू नये आणि काखेखालून तर मुळीच घेऊ नये, कारण काखेखालचा पट्टा फासळ्या मोडून आत घालतो. पीळ पडलेला पट्टा धारेसारखा कापतो. लावल्यावर वरचा भाग एकदा ओढून ढिलाई काढावी. बायकांनी पदर पट्ट्याच्या खाली चुणीत येऊ देऊ नये. गरोदर बाईने खालचा भाग पोटाच्या खालून आणि वरचा पोटाच्या वरून, दोन्ही स्तनांमधून घ्यावा. पट्टा गर्भाला बाधतो हा समज खोटा. आईला बांधले तरच गर्भ बांधला जातो. गणपतीच्या रात्रीच्या प्रवासात शेजारच्याने टेकू मागे पाडून निजणे ही तर सार्वत्रिक रीत. आडवा झालेला माणूस धक्क्याबरोबर पट्ट्याखालून घसरतो आणि पट्टा पोटात रुततो. झोप लागत असेल तर बसून झोपावे, किंवा गाडी बाजूस घेऊन सर्वांनीच झोपावे.

एका वाहनाबद्दल मात्र आम्ही ह्यांतले काहीच सांगू शकत नाही. वडापच्या जुन्या जीपगाड्यांत मागे दोन्ही बाजूंस समोरासमोर बाके असतात. नियम समोर तोंड असलेल्या बैठकींचा आहे; आडव्या बाकांना पट्टा नाही आणि टेकूही नाही. कुणकेश्वरच्या जत्रेला त्यांत किती माणसे बसतात ते आपण पाहतोच. तेथे जागा निवडता आली तर समोर तोंड असलेली निवडावी, आणि भरलेली गाडी सोडून पुढची पाहावी.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते, जी घाटावर लागत नाही. खारी हवा आणि वाळू पट्ट्याच्या गुंडाळीत व बकलेत शिरते. महिन्यातून एकदा प्रत्येक पट्टा शेवटापर्यंत बाहेर ओढावा, ओल्या फडक्याने पुसावा, सावलीत वाळू द्यावा; मग झटका देऊन तो अडकतो की नाही आणि सोडल्यावर परत जातो की नाही, हे पाहावे. कडेचे धागे सुटलेले असले, किंवा गाडीला एकदा मोठी धडक बसून गेली असली, तर पट्टा बदलून घ्यावा, कारण तो एकदाच पुरता ताणला जावा असाच घडविलेला असतो. अभ्रे शिवावयास टाकताना शिंप्याला बकलांच्या जागी भोके ठेवावयास सांगावीत. त्याला काही अधिक पैसे पडत नाहीत. आम्ही विचारून पाहिले आहे.